नाव वाचून बाजूला ठेवलेला अर्ज

मागच्या महिन्यात अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. भाचा नोकरीचा अर्ज भरत बसला होता. त्यानं विचारलं, "मामू, पूर्ण नावाऐवजी नुसती आद्याक्षरं टाकली तर चालेल का?" का, असं मी विचारलं नाही. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच्या या प्रश्नाची मोजदाद आपल्याच वऱ्हाडातल्या माणसानं करून ठेवली आहे. सुखदेव थोरात, अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी उद्योगांना मागासांसाठी दार उघडायला सांगितलं, तेव्हा उद्योगांचं उत्तर होतं, आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. त्याच काळात थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अटेवेल हे नेमकं तेच तपासत होते. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज धाडले. शिक्षण सारखं, नावं तेवढी वेगळी. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आला: उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला जेमतेम एक तृतीयांश. मुलाखत तर पुढची गोष्ट! त्यावर कुठे मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.

गदारोळ झाला तो २०१५ च्या मे महिन्यात. मुंबईच्या एका तरुणाला हरी कृष्णा एक्सपोर्ट्स या हिरे कंपनीकडून ईमेल आला, की आम्ही फक्त बिगर-मुस्लिम उमेदवार घेतो. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. कंपनीनं माफी मागितली. म्हणे, शिकाऊ कर्मचाऱ्याची चूक. त्या तरुणाच्या दोन हिंदू मित्रांची तिथंच निवड झाली होती. त्यांनी ती नोकरी नाकारली. त्या सगळ्या बातम्यांतली हीच एक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे.

मग २०२४ चा मे. गिरगावातल्या एका नोकरीच्या जाहिरातीत मराठी माणसांनी येऊ नये, असं लिहिलेलं होतं. महाराष्ट्र खवळला, आणि खवळायलाच हवं होतं. मीही चिडलो, मराठी म्हणून. जाहिरात देणाऱ्या बाईंनी माफी मागितली.

दोन्ही वेळा राग आला तो लिहिलेल्या वाक्याचा. ते वाक्य न लिहिता अर्ज नुसता बाजूला सारला असता तर? संविधानाचं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी कंपनीनं धर्म पाहून उमेदवार नाकारू नये, असं सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे पकडला जातो तो लिहिण्याचा मूर्खपणा करणारा. थोरातांच्या त्या हजारो अर्जांपैकी जे परतले नाहीत, त्यांच्यावर कुणी काही लिहिलेलंच नव्हतं.

भाच्यानं शेवटी पूर्ण नाव लिहिलं, अब्बांच्या नावासकट. अर्ज पुण्याच्या कंपनीला गेला आहे. अजून फोन नाही.