जामदारखान्याच्या किल्ल्या

म्हैसूरच्या दसऱ्याची जंबूसवारी बन्नीमंटपाला जाते. बन्नी म्हणजे आपली शमी. अज्ञातवासात पांडवांनी हिच्यावरच शस्त्रं दडवली, अशी कथा. ठेवलेलं शस्त्र पुन्हा कुणाच्या हाती, कोणत्या अटीवर द्यायचं? शिक्षा झालेल्या हॅकरला संगणक-सुरक्षेच्या कामावर घेताना हाच प्रश्न येतो.

आपल्याकडे असा प्रयोग संगणकाच्या कितीतरी आधी झालाय. पुरंदरची राखण रामोशांकडे होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती गेली. पुढं उमाजी नाईकांनी बंड केलं. ते आवरेनात, तेव्हा 1828च्या सुमारास इंग्रजांनी माफी देऊन त्यांनाच पुण्याच्या मुलखात बंदोबस्तावर नेमलं. घाट, चोरवाटा, माणसं त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक? पण सौदा नाइलाजाचा होता, विश्वास कुठल्याच बाजूला नव्हता. तो मोडला. 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात उमाजींना फाशी दिली.

अमेरिकेतल्या केविन मिटनिकचं वेगळं. 1995मध्ये अटक, सुमारे पाच वर्षं तुरुंग, सुटल्यावर 2003पर्यंत इंटरनेटवर निर्बंध. नंतर कंपन्याच त्याला पैसे देऊन आपल्या यंत्रणेत शिरून दाखवायला सांगू लागल्या.

मला विचाराल तर कौशल्याइतकाच क्रम महत्त्वाचा. आधी शिक्षा पुरी, मग काम. किल्ल्याही मोजूनच द्याव्यात. पकडता येत नाही म्हणून दिलेली नोकरी ही लाचच. पण शिक्षा भोगून आलेल्याला जन्मभर उंबऱ्याबाहेर ठेवणंही मला पटत नाही. 1988मध्ये इंटरनेटवर वर्म सोडणारा रॉबर्ट मॉरिस 1990मध्ये दोषी ठरला. पुढं तोच एमआयटीत प्राध्यापक झाला.