अर्जात न दिसणारा विद्यार्थी

काही वर्षे मी एका व्यवस्थापन संस्थेच्या मुलाखत समितीवर होतो. ‘मला आयुष्यभर शिकत राहायचे आहे,’ असे जवळजवळ प्रत्येक उमेदवार म्हणे आणि आम्ही त्या वाक्याला गुण देत असू. ते कशाच्या आधारावर दिले, हा प्रश्न निवृत्तीनंतर मला छळू लागला. उत्तर शोधता शोधता मी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजपाशी पोचलो.

हे कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. मूळचे गोव्यातील मांद्र्याचे रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच भाऊ दाजी, पहिल्या विद्यार्थ्यांत होते. त्याआधी ते एल्फिन्स्टन संस्थेत शिकवत. काठेवाड आणि कच्छमधील बालिकाहत्येवरच्या त्यांच्या निबंधाला बक्षीस मिळाले होते. नोकरी आणि नाव हाती असताना हा मास्तर पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला.

१८५१ मध्ये पदवी मिळाली, पण शिक्षण संपले नाही. जुन्या वैद्यकातील औषधे पारखण्यासाठी ते संस्कृत ग्रंथांकडे वळले. पुढे अजिंठ्याचे शिलालेख, नाणी, कालिदासाचा काळ असा अभ्यास वाढत गेला. कुष्ठरोगावरच्या उपचाराचा शोधही चालू राहिला. १८७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पदवीनंतर तेवीस वर्षे, ते विद्यार्थीच होते.

कॅनडातील हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाने अशी माणसे दारातच ओळखण्याचा प्रयत्न केला. तिथल्या वैद्यकीय शाळेत १९६९ मध्ये वीस विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. व्याख्यानांऐवजी छोट्या गटांनी रुग्णाची समस्या सोडवत शिकायचे, अशी तिथली पद्धत. त्यामुळे स्वतःहून शिकणारा माणूस निवडणे भाग होते. केवळ गुणपत्रिका पुरणार नव्हती. मुलाखतीला वजन आले.

पण मुलाखतीत बोलणे कळते, सवय कळतेच असे नाही. भाऊ दाजींची खूण त्यांच्या वचनात नव्हती, आधी केलेल्या कामात होती. अर्थात, ती मला आज दिसते, कारण पुढचे आयुष्य ठाऊक आहे. शिवाय ज्याला पोटापाण्यापायी निबंध लिहायला सवडच मिळाली नाही, त्याची भूक कोणत्या रकान्यात नोंदवायची?

आज पुन्हा त्या खुर्चीवर बसलो, तर संकल्प विचारणार नाही. विचारीन : ‘कोणी सांगितले नसताना काय शिकलात, आणि कुठे अडलात?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाठ करून येणे कठीण असते.