तेल न लावता या

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पूर्वी कुणाला फिट आली की आधी पायताण नाकाला लावायचे. ते बघत वाढलो आणि नोकरी लागली ईईजीच्या मशीनवर!

माणसाच्या मेंदूतल्या विजेचा हा आलेख कागदावर पहिल्यांदा उतरवला जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी, 1924 मध्ये. आमच्या वेळी टेपनं डोकं मोजायचं, पेन्सिलीनं खुणा करायच्या, पेस्ट लावून तारा चिकटवायच्या. म्हणून पेशंटला ताकीद, "केस धुऊन या, तेल नको." कागद सेकंदाला 30 मिलिमीटर सरकायचा, अर्ध्या तासाला 54 मीटर!

आता डोक्याला पट्टा लावला की आलेख मोबाइलवर. फिटच्या पेशंटची सोय झाली, हे खरं. पण पोरगं वाचताना अडखळतं म्हणून पट्ट्याची चौकशी करणारे आईबापही येतात. त्यांना मी स्पष्ट सांगतो, डिस्लेक्सिया आलेखावरून ठरत नाही. वाचन-लेखनाच्या चाचण्याच लागतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही आली आहे. आधी त्या चाचण्या करून घ्या, पट्ट्याचे पैसे वाचवा.