पाटण्याचे माप

हौद आणि नळ यांची उदाहरणे आली की वर्गातली मुले कासावीस होतात. असले उपद्व्याप कोणाच्या डोक्यातून निघाले, असे ती विचारतात. आम्हां चोपड्याच्या मास्तरांना त्याचे उत्तर खानदेशातच सापडते.

तापी आणि गिरणा ओलांडून दक्षिणेस गेले, की चाळीसगावजवळ डोंगराच्या पायथ्याशी पाटणे लागते. तेथील देवीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली विद्वानांपुढे मांडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने १२०७ साली त्यास देणगी दिली, असे त्यात कोरले आहे.

त्या ग्रंथांपैकी एक ‘लीलावती’. तीत एक हौद आहे. त्यात चार झरे पडतात. पहिला तो हौद एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा तृतीयांश आणि चौथा षष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर?

मुले चटकन बेरीज करतात आणि दोन दिवस सांगतात. म्हणजे एकट्याला लागतो एक दिवस, अन् चौघांना मिळून दोन! आचार्य प्रश्नच उलटा करतात: दिवसभरात प्रत्येक झरा किती हौद भरील? एक, दोन, तीन आणि सहा, मिळून बारा. तेव्हा एका हौदाला दिवसाचा बारावा भाग, म्हणजे पाच घटका, पुरे.

वाचकहो, हे केवळ पोथीतले गणित नव्हते. त्याच शिलालेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे आणि तो थेट बाजारात नेतो. दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे. येथे जे मापायचे ते मठाच्या मापाने मापावे. मापाचा हक्क अर्धा मठाला, अर्धा मापाऱ्याला! अपूर्णांक शिकविणारी ही शाळा अपूर्णांकांवरच पोसली जात होती. पळी थोडी लहान झाली, माप थोडे उथळ झाले, तर कोणाचे तरी नुकसान ठरलेलेच. अर्धे म्हणजे किती हे ज्याला कळत नाही, त्याला फसविणे सोपे.

आज तो मठ नाही. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर ही भाषाही १९५६ च्या दशमान मापांच्या कायद्यानंतर हळूहळू मागे पडली. पण एखाद्या घरी फडताळात जुने मापटे असेलच. यंदा चकलीची भाजणी मापताना ते मुलांच्या हाती द्यावे, आणि पाऊण शेर कसा भरावा ते त्यांनाच विचारावे.