रेघेची जाडी, बांधाची रुंदी

ऑटोकॅडमध्ये जमिनीचा नकाशा काढताना रेघ जाड किंवा बारीक करायची तर यादीतून एक आकडा निवडायचा असतो: 0.18, 0.25, 0.35, 0.5 मिलिमीटर. काम इतके किरकोळ की बहुतेक जण ते प्रिंट काढायच्या वेळेपर्यंत तसेच ठेवतात. पण हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांतल्या शेतनकाशांचा दीडशे वर्षांचा प्रवास पाहिला, की हा आकडा किरकोळ वाटत नाही. शाईच्या जुन्या रेघेला जी जाडी होती तिच्यात मोजणीची मर्यादा उघड दिसत होती. संगणकाने ती जाडी पुसली, मर्यादा मात्र तशीच राहिली, आणि बांधावरचे वाद त्यामुळे अधिक अवघड झाले, असे माझे म्हणणे आहे.

हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथली शेतवार मोजणी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारभारात, 1870 च्या दशकात, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर सुरू झाली. ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात घडवली होती. साखळी 33 फुटांची आणि तिचे भाग 16, म्हणजे आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद जमीन म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. शेतात एक मुख्य रेषा धरायची, तिच्यापासून काटकोनात कोपऱ्यांची अंतरे घ्यायची आणि ती टिपणात साखळी-आण्यांत लिहायची. या टिपणांवरून गावनकाशा तयार होई. मराठी मुलखातल्या बऱ्याच जुन्या गावनकाशांचे प्रमाण एका इंचाला 660 फूट, म्हणजे 1:7920 असे आहे.

या प्रमाणावर हिशोब करून पाहावा. पाव मिलिमीटरची रेघ ही हाताने ओढलेली चांगली बारीक रेघ. जमिनीवर तिची रुंदी जवळजवळ दोन मीटर होते, म्हणजे तीन आण्यांहून थोडी जास्तच. दोनशे मीटर लांबीच्या बांधावर ही पट्टी चारशे चौरस मीटरची, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांची झाली. वसमतच्या हळदीच्या रानात चार गुंठे ही थोडी जमीन नव्हे. शिवाय नकाशाची नक्कल ट्रेसिंगच्या कापडावर होई, पुढे अमोनिया प्रिंट निघे. दर नकलेत रेघ थोडी फुगे आणि कागद थोडा ताणे. म्हणून हद्द रेघेच्या या काठावर की त्या काठावर, हा प्रश्न नुसत्या नकाशावरून सुटणारा नव्हता. नकाशा तसा दावाही करत नव्हता. तिथे नजर टाकणाऱ्या कोणालाही रेघेला रुंदी आहे हे दिसत होते.

यावर भूमी अभिलेखाच्या कामातला माणूस रास्त हरकत घेईल. तो म्हणेल, हद्द गावनकाशावर पट्टी लावून कोणी ठरवत नाही, ती टिपणातल्या आकड्यांवरून ठरते. आकड्याला कुठली आली जाडी? हरकतीचा पहिला भाग मला मान्य आहे. पण टिपणातल्या आकड्यालाही जाडी आहेच. तिथे सगळ्यात लहान माप आणा, म्हणजे दोन फुटांहून थोडे अधिक, 63 सेंटिमीटर. त्याच्या आतला फरक मोजणीदाराने लिहिलाच नाही, कारण लिहायला घर नव्हते. त्यात ही काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि हद्दीचे दगड कलतात, सरकतात. कयाधूकाठच्या शेतांत तर एक बाजू नदीच्याच हाती असते. दगड, टिपण आणि नकाशा या तिघांचा मेळ घालणे हेच मोजणीदाराचे खरे कसब होते, आणि रेघेची जाडी त्याला तेवढी मोकळीक देत होती.

1999 च्या 1 मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी आलेल्या ऑटोकॅड 2000 मध्ये प्रत्येक रेघेला स्वतःची जाडी देण्याची सोय पहिल्यांदा मिळाली. त्याआधी पडद्यावरचा रंग हीच खूण असे: लाल रेघ अमुक पेनने, हिरवी तमुक पेनने, असे प्लॉटरला सांगावे लागे. नव्या सोयीने काम सुटसुटीत झाले. पण याच प्रोग्राममध्ये जाडी दोन प्रकारची आहे. लाइनवेट ही कागदावरची जाडी: पडद्यावर रेघ कितीही जवळ आणा, ती तेवढीच दिसते, आणि छापताना प्रमाण काहीही असले तरी तेवढेच मिलिमीटर उमटतात. पॉलिलाइनची विड्थ ही जमिनीवरची रुंदी: दोन मीटर दिली तर प्रमाणानुसार ती दोन मीटरच राहते. शाईच्या रेघेत या दोन्ही गोष्टी एकजीव होत्या. संगणकाने त्या वेगळ्या केल्या, आणि रोजच्या कामात पहिली टिकली, दुसरी गळाली.

परिणाम कागदावर दिसतो. जुना गावनकाशा स्कॅन करून त्यावरून रेघा गिरवताना ऑपरेटर शाईच्या पट्ट्याच्या साधारण मध्यावर क्लिक करतो. पट्टा संपला, बिंदू उरले, आणि बिंदूंचे निर्देशांक दशांशचिन्हापुढे तीन-तीन घरे दाखवू लागले. हाच नकाशा 1:1000 प्रमाणात पाव मिलिमीटरच्या लाइनवेटने छापला, तर रेघ जमिनीवर फक्त 25 सेंटिमीटरची होते. माहिती तीच, मोजणी तीच, पण दोन मीटरची शंका आठ पटींनी आक्रसल्यासारखी दिसते. हातात असा कागद आलेला शेतकरी बांधाच्या वीतभर जागेसाठी भांडायला उभा राहिला, तर दोष त्याचा नाही. कागदानेच त्याला तसे सांगितले आहे.

आता मोजणीसाठी रोव्हर यंत्र आले, उपग्रहावरून स्थान सेंटिमीटरात कळते, मग हा जुना हिशोब कशाला, असेही विचारले जाईल. रोव्हरचे माप अचूक असते हे खरेच, आणि नव्याने पाडलेल्या प्लॉटांसाठी ते पुरेसेही आहे. पण रोव्हर आज बांध कुठे आहे ते सांगतो. पहिल्या मोजणीत तो कुठे होता, हे टिपणातूनच काढावे लागते, आणि टिपण आण्यांतच बोलते. हद्द कायम मोजणीत हे दोन्ही एकाच नकाशावर येतात, तेव्हा आजचा बांध आणि अभिलेखातली हद्द एकाच जाडीने काढणे मला चुकीचे वाटते. वहिवाटीची रेघ बारीक लाइनवेटने काढावी. जुन्या टिपणावरून आलेली हद्द जमिनीवरच्या रुंदीची पॉलिलाइन म्हणून काढावी, रुंदी किमान एका आण्याची, आणि गावनकाशावरूनच उतरवलेली असेल तर पूर्ण दोन मीटरची. ती पट्टी फिकट रंगात भरावी आणि तिची रुंदी कोणत्या कागदावरून आली, हे मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीच्या तळाशी एका ओळीत लिहावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. आज्ञा त्या प्रोग्राममध्ये आधीपासून आहे.