लातूर, नांदेड आणि ‘कायम’ या एका शब्दाचा इतिहास

१. शासन निर्णयातील एका शब्दामुळे हजारो शिक्षकांचे तारुण्य बिनपगारी गेले. तो शब्द म्हणजे ‘कायम’. तो लागला तेव्हा मुख्यमंत्री लातूरचे होते; निघाला तेव्हा नांदेडचे. मराठवाड्यातील शिक्षकांच्या वेतनलढ्याची ही कथा थोडी मागून, निजामाच्या काळापासून पाहू.

२. हैदराबाद संस्थानात शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी मुलांसाठी लोकांनी स्वतःच्या हिमतीवर शाळा उभारल्या : अंबाजोगाईची योगेश्वरी (१९१७), हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१). या शाळांतील शिक्षक तुटपुंज्या मानधनावर राबत. अध्यापन ही नोकरी नव्हती, ते व्रत होते.

३. या व्रतस्थांचे अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ. हिप्परग्यात आणि नंतर अंबाजोगाईत त्यांनी शिकवले. पण त्याआधी त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केले होते, हे फारसे सांगितले जात नाही. मराठवाड्याच्या त्यागी शिक्षकाचा आदर्श ज्यांच्या रूपाने घडला, त्यांना मजुरीच्या हक्काची भाषा पूर्ण परिचित होती. पुढच्या पिढ्यांनी मात्र त्यांच्यातील त्यागच तेवढा उचलला.

४. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे. खासगी माध्यमिक शाळांचे जाळे पसरले. शाळा संस्थेची, वेतनाचे अनुदान शासनाचे, श्रम शिक्षकाचे, असे त्रिकोणी नाते तयार झाले. पुढचे बहुतेक तंटे याच त्रिकोणातले आहेत.

५. नेमणूक करणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असला, की मधल्या जागेत अन्याय शिरतो. सही एका रकमेवर घ्यायची आणि हातात कमी रक्कम ठेवायची. सुट्टी लागताना सेवा संपवायची आणि जूनमध्ये नव्याने नेमायचे : खासगी शाळांविषयीच्या या तक्रारी त्या काळी सर्वश्रुत होत्या. म्हणूनच शिक्षक संघटनांची पहिली मोठी मागणी वेतनवाढीची नव्हती, सेवेच्या संरक्षणाची होती.

६. डिसेंबर १९७७ मध्ये राज्यातील सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. मागणी केंद्राच्या दराने महागाई भत्त्याची. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील बधले नाहीत. ५४ दिवसांनी संप मिटला तेव्हा हाती फारसे काही नव्हते. १९७८ मध्ये शरद पवारांचे सरकार आले आणि त्या सरकारने तो भत्ता मान्य केला. मागणी संपाने लोकांपुढे आणली, पूर्ण झाली ती सत्तांतरानंतर. हा धडा संघटना विसरल्या नाहीत.

७. याच सुमारास ‘महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’ आला. दोन वर्षांचा परिवीक्षा काळ, त्यानंतर स्थैर्य, आणि बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. मात्र तो अंमलात आला १५ जुलै १९८१ रोजी. कायद्यावर वर्ष १९७७ चे आणि लाभ १९८१ पासून : मधल्या काळात ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी हा फरक केवळ आकड्यांचा नव्हता.

८. अमेरिकेतील अनेक शहरांत शिक्षक संघटना आणि शाळा मंडळ समोरासमोर बसून ठरावीक वर्षांचा वेतनकरार करतात. आपल्याकडे तसे का होत नाही? एक कारण १९८८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. गोव्यातील एका शिक्षिकेच्या, ए. सुंदरंबल यांच्या, प्रकरणात न्यायालयाने ठरवले की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा ‘कामगार’ नाही. कामगार कायद्याचा दरवाजा बंद झाला. उरले ते मंत्रालय, विधिमंडळ आणि उच्च न्यायालय.

९. म्हणून शिक्षक मतदारसंघांचे मोल मोठे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या. त्यांतील एक मराठवाड्याची. पण मताधिकार माध्यमिक व त्यावरील शिक्षकांनाच. वाडी-तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला लावणाऱ्या गुरुजींना या निवडणुकीत मत नाही.

१०. आता ‘कायम’कडे येऊ. पाचव्या वेतन आयोगानंतर राज्याच्या तिजोरीवर मोठा ताण आला. १९९९ मध्ये लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. २००० मध्ये ‘शिक्षण सेवक’ योजना आली : पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी नाही, फक्त मानधन. नोव्हेंबर २००१ मध्ये ठरले की नव्या शाळांना परवानगी मिळेल ती ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावरच. विनाअनुदानित शाळेला निदान उद्याची आशा असे. ‘कायम’ने तीही काढून घेतली.

११. तरीही शाळा निघाल्या आणि बी.एड. झालेले तरुण तेथे रुजूही झाले. उद्योग थोडे, शेती पावसाच्या भरवशावर, अशा प्रदेशात शाळेतली नेमणूक म्हणजे भविष्यातील पगाराचे तिकीट होते. सरकार कधीतरी बदलेल, धोरण बदलेल, या भरवशावर माणसे वर्षानुवर्षे खडू झिजवत राहिली.

१२. विलासरावांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत, ३१ ऑक्टोबर २००५ रोजी, आणखी एक रेघ ओढली गेली. १ नोव्हेंबर २००५ पासून नियुक्त होणाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. या तारखेआधी रुजू झालेले, पण ज्यांच्या शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळाले, ते कोणत्या बाजूचे? हा प्रश्न पुढे न्यायालयांत गाजला.

१३. जुलै २००९ मध्ये नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री असताना ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. आनंद झाला, पण पगार सुरू झाला नाही. आधी शाळांचे मूल्यांकन, मग पात्र याद्या, मग निधीची तरतूद. प्रत्यक्ष २० टक्के अनुदानाचा निर्णय उजाडला सप्टेंबर २०१६ मध्ये. शब्द काढणे आणि पैसे देणे यांत सात वर्षांचे अंतर पडले.

१४. दरम्यान नांदेडनेच दुसरी बाजूही दाखवली. जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या काळात तेथे अचानक पटपडताळणी झाली आणि कागदावरचे विद्यार्थी उघडे पडले. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात हाच प्रयोग राज्यभर झाला. पटावर शिक्षकांची पदे ठरतात. पट खोटा निघाला की पद जाते. ‘अतिरिक्त शिक्षक’ हा शब्द घरोघरी पोचला आणि मे २०१२ मध्ये भरतीवर बंदी आली. खोटा पट लिहिणारे हात बहुधा संस्थेचे होते. नोकरीची टांगती तलवार मात्र शिक्षकाच्या डोक्यावर आली.

१५. ४ ऑक्टोबर २०१६. औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक आणि बाहेर विनाअनुदानित शिक्षकांचा मोर्चा. दगडफेक झाली, लाठीमार झाला. पांढरपेशा मानल्या गेलेल्या वर्गाच्या पाठीवर वळ उमटल्याचे मराठवाड्याने पाहिले.

१६. याच काळात लातूर देशभर प्रसिद्ध झाले ते ‘लातूर पॅटर्न’ने. खासगी शिकवण्यांसाठी शहराचा एक भागच ‘ट्यूशन एरिया’ म्हणून ओळखला जाऊ लागला. तेथे नामवंत शिक्षकाच्या कौशल्याची किंमत बाजार चढत्या भावाने देतो; त्याच शहरात तेवढाच शिकलेला विनाअनुदानित शाळेतील शिक्षक अनुदानाच्या टप्प्याची वाट पाहतो. हे अंतर गुणवत्तेचे नाही, व्यवस्थेचे आहे.

१७. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यव्यापी संप झाला आणि सात दिवसांनी मागे घेतला गेला. जुलै २०२५ मध्ये अनुदानाच्या पुढच्या टप्प्यासाठी अंशतः अनुदानित शाळांतील शिक्षक आझाद मैदानावर बसले. जाहीर झालेला निर्णय आणि बँकेत जमा झालेला पगार यांतले अंतर तेव्हाही मिटलेले नव्हते.

१८. तेव्हा शासन निर्णय वाचताना विशेषणांकडे लक्ष द्या. ‘कायम’, ‘अंशतः’, ‘अतिरिक्त’, ‘पात्र’, ‘अघोषित’ : यांतील प्रत्येक शब्दामागे कोणाचा तरी संसार टांगलेला आहे. लढायांच्या तारखा आपण पाठ करतो. २४ वर्षांचा तरुण शिक्षक पहिल्या पूर्ण पगाराची वाट पाहत चाळिशीत कसा पोचला, हाही मराठवाड्याचा इतिहासच आहे. आपल्याला शिकवणाऱ्यांपैकी कोणीतरी तो जगले असेल. त्यांना एकदा विचारा, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा.