एका रक्तावरचे शेजारी

मामाच्या स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ होती; सर्जन मात्र शेजारचं चांगलं आतडंही, म्हणजे ड्युओडेनम, काढणार होते. मी चिडून वाचायला बसलो. दोघांच्या धमन्या सामाईक निघाल्या. एक फाटा वरून, यकृताच्या धमनीकडून; दुसरा खालून, आतड्याच्या मोठ्या धमनीकडून; मधे कमानी करून जुळलेले. त्या कापून डोकं काढलं, तर आतडं रक्तावाचून सडतं.

बर्लिनमध्ये वाल्टर काउश यांनी १९०९ साली दोन्हींचा भाग काढला, दोन टप्प्यांत. नाव झालं न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांचं, १९३५च्या लेखामुळे. काविळीत रक्त गोठत नसे, म्हणून तेही टप्प्यांतच. व्हिटॅमिन के आल्यावर १९४० मध्ये त्यांना एका बैठकीत जमलं.

पुढे हान्स बेगर यांनी आतड्यालगतची पातळ कड धमन्यांसकट राखून ड्युओडेनम वाचवलं, पण जुनाट सुजेच्या रुग्णांत. मामाची गाठ कॅन्सरची होती.